शिवलीलाचं ‘बेकु’

शिवलीला बिराजदार आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली तेव्हा टेम्पोतून आधी तिचे कॉम्प्युटर उतरले आणि मग गाद्या-भांडी. हमाल खोकी जिन्यावरून वर नेत होता आणि तिची आई शिवबाई पायरीगणिक त्याला बजावत होती, "हळू रं बाबा, माज्या लेकीची नोकरी हाय त्यात." खाली टॉवेलचे गठ्ठे बांधणारी माणसं काम थांबवून बघत होती. सोलापूरच्या भवानी पेठेत कॉम्प्युटर काही नवीन नाही, पण एका माणसाला इतके कशाला लागतात, हे त्यांना कळत नव्हतं. मलाही नव्हतं कळत.

बिराजदार मंडळी जवळच्या वळसंग गावची. वडील निंगप्पा अजून तिथेच शेती बघतात आणि रविवारी भाजीची पिशवी घेऊन येतात. घरात कन्नड, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी, अशी ही मुलगी वाढली. सोलापुरात इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली, आणि आईला एका डोळ्याने दिसेनासं झालं तेव्हा कंपनीशी बोलून घरून काम करायला परत आली. वळसंगला वीज आणि इंटरनेट दोन्ही लहरी, म्हणून आमचा मजला. तेव्हा ती तिशीला आली होती. अंगाने बारीक, बोलायला सावकाश. दुसऱ्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायची तिला सवय होती, आणि ती सवय आता फारशी कुठे दिसत नाही.

एकदा मी तिला विचारलं, "तू नेमकं काय करतेस गं?"

"दुसऱ्यांनी बनवलेलं मोडून बघते, काकू."

"आणि मोडलं तर?"

"तर पगार मिळतो. नाही मोडलं तर साहेबाला वाटतं, मी नीट बघितलंच नाही."

तिच्या कंपनीत कोणी नवं सॉफ्टवेअर लिहिलं की लोकांच्या हाती जाण्याआधी ते शिवलीलाकडे येतं. ती त्यातलं प्रत्येक बटण दाबते. नावाच्या जागी आकडे भरते, जन्मतारीख पुढच्या शतकातली टाकते, एकच बटण घाईघाईने पुन्हा पुन्हा दाबते. थोडक्यात, घाईत असलेला किंवा चिडलेला माणूस जे जे करेल ते सगळं ती आधीच करून बघते. हे हाताने करत बसलं तर आयुष्य पुरायचं नाही. म्हणून ते एका प्रोग्रॅमकडून करून घेतात. आपण ज्यात इंटरनेटची पानं उघडतो तो ब्राउझर. त्या ब्राउझरला बाहेरून चालवणारा, माणसाऐवजी बटणं दाबणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला म्हणतात ड्रायव्हर.

शिवबाईने हे गावाकडे आपल्या परीने सांगितलं. परिणाम असा झाला की तिचा भाचा बसू एका सकाळी लायसन्स घेऊन आमच्या दारात उभा राहिला.

"आत्या म्हणली, शिवक्काला ड्रायव्हर लई लागतात."

"लागतात की," शिवलीला म्हणाली. "पण त्यांना हातपाय नसतात, बसू."

बसूने थोडा विचार केला. "मग त्येंचा पगार कोण घेतंय?"

तो चहा पिऊन गेला, पण आपल्याला टाळलं गेलं अशी शंका त्याच्या मनात राहिली असावी.

या ड्रायव्हरांची एक खोड आहे. ब्राउझर दर थोड्या दिवसांनी आपलं आपण नवं रूप घेतो. त्या प्रत्येक रूपाला एक क्रमांक असतो, त्याला ते व्हर्जन म्हणतात. ड्रायव्हर मात्र फक्त आपल्या क्रमांकाच्या ब्राउझरलाच ओळखतो. रविवारी रात्री ब्राउझर गुपचूप बदलला की सोमवारी सकाळी शिवलीलाच्या पडद्यावर सगळ्या तपासण्या लाल. सॉफ्टवेअरमध्ये काहीही बिघडलेलं नसतं, नुसती जोडी जुळत नसते. त्यातून कंपनीची गिऱ्हाइकं नाना प्रकारची. कोणाकडे आजचा ब्राउझर, कोणाकडे पाच वर्षांपूर्वीचा. प्रत्येकासाठी वेगळा ड्रायव्हर शोधायचा, उतरवून घ्यायचा, योग्य जागी ठेवायचा, काम झालं की जुना परत आणायचा. तिच्या कितीतरी सकाळी यातच जायच्या.

मग एका उन्हाळ्यात, ऑफिसचं काम सुरू होण्याआधीच्या गार वेळात, वरच्या गच्चीत बसून तिने स्वतःचं एक साधन लिहिलं. त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत, माउस लागत नाही. काळा पडदा असतो, त्यावर एक ओळ टाइप करायची. एक शब्द आणि एक क्रमांक. तेवढ्यावर ते साधन इंटरनेटवर जातं, त्याच क्रमांकाचा ड्रायव्हर शोधून आणतं, खरा आहे का तपासतं आणि जागच्या जागी बसवतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, अजून सुरू व्हायचं आहे. ती म्हणाली, "झालं की, काकू." मी खुर्चीतच बसून राहिले. एवढ्या अफाट पसाऱ्यातून नेमकी एक वस्तू, नावानिशी मागितली आणि आली. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर आम्हाला ग्रंथालयात नेऊन कपाटांचे क्रमांक शिकवायच्या. तेव्हा जी धाकधूक व्हायची तशीच मला त्या काळ्या पडद्यापुढे झाली.

शब्दांचं म्हणाल तर ते शिवबाईच्या स्वयंपाकघरातून आले. त्यांच्या घरी जेवताना वाढणारी विचारते, बेकु? म्हणजे हवं? हवं असेल त्याने बेकु म्हणायचं, नको असेल त्याने बेडा. भाकरीचा तुकडा हातात, तोंड भरलेलं, तेव्हा यापेक्षा जास्त बोलायची गरजही नसते. शिवलीला म्हणाली, "मला मशीनशीही एवढंच बोलायचं होतं." म्हणून ड्रायव्हर हवा असेल तर इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं बेकु आणि क्रमांक. काढून टाकायचा असेल तर बेडा आणि क्रमांक. नुसतं बेडा म्हटलं तर सगळंच काढून जागा मोकळी. साधनाचं नावही बेकुच.

तिने ते सर्वांसाठी खुलं ठेवलं. अशा कामाची एक सार्वजनिक जागा असते, तिथे कोणीही घ्यावं, वापरावं, सुधारणा सुचवावी. आधी पुण्यातल्या मैत्रिणींनी घेतलं, मग ओळखीपलीकडच्या लोकांनी, मग ज्यांची नावं मला उच्चारता येत नाहीत अशांनी. कोणी लिहायचं, नॉर्वेतून वापरतो. कोणी लिहायचं, ब्राझीलमधून. मी नकाशाचं जुनं पुस्तक काढून ते देश शिवबाईला दाखवले. ती चष्मा सरसावून बघत राहिली आणि म्हणाली, "ह्ये सगळी मानसं बेकु म्हनत्यात? आनि वाढतंय कोन?"

"तुझी लेक," मी म्हटलं.

इतक्या देशांतले लोक एक कन्नड शब्द आपापल्या पद्धतीने टाइप करायचे. कोणी बेडाच्या शेवटी एक ए लावायचा, कोणी दोन, कोणी भलतंच अक्षर. ते अडून राहू नयेत म्हणून शिवलीलाने साधनाला शिकवलं की पहिली तीन अक्षरं बघ आणि समजून घे. बी, ई, के असेल तर हवं. बी, ई, डी असेल तर नको. पुढचं कसंही असो. हा तिचा चांगुलपणा होता. काही वर्षं तो बिनबोभाट चालला.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही तिघी खाली माझ्या खोलीत शेंगा फोडत बसलो होतो. शिवलीलाचा जेवणाच्या सुट्टीचा वेळ होता. फोन आला. पलीकडचा कन्नडमध्ये बोलत होता. आमच्या भागात ती कोणालाही समजते, मी इथे मराठीत सांगते.

"अक्का, बेकुवाल्या तुम्हीच का?"

"मीच. कोण?"

तो मंजुनाथ. विजापूरच्या एका लहानशा कंपनीत काम करणारा. कंपनीकडे तिकडच्याच एका तालुक्याच्या गावातल्या धर्मादाय दवाखान्याच्या रक्तपेढीचं काम होतं. रक्ताच्या पिशव्या ज्या फ्रीजमध्ये ठेवतात त्याच्या दारावर एक पडदा असतो, तो आतलं तापमान दाखवतो आणि तापमान वाढलं तर घंटा वाजवतो. त्या पडद्याच्या आत एक जुना ब्राउझर होता, बदलता न येणारा. तो ब्राउझर बनवणारी छोटी कंपनी कधीच बंद पडून गेली होती. तापमान मोजणारा नवीन सेन्सर बसवल्यापासून ती घंटा कधी वाजायची, कधी नाही. मंजुनाथने दोष शोधून दुरुस्ती लिहिली होती. पण दवाखान्याचा नियम असा, आणि योग्यच, की त्या ब्राउझरवर सगळ्या तपासण्या हिरव्या झाल्याशिवाय पडद्याला हात लावायचा नाही. तोपर्यंत एक नर्स फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसून आकडा बघत राहायची. तिची पाळी संपली की दुसरी.

"मग अडलं कुठे?" शिवलीलाने विचारलं.

"त्या जुन्या ब्राउझरचा ड्रायव्हर माझ्याकडे होता, अक्का. एकच प्रत. इंटरनेटवरून तो केव्हाच गेलाय. आता माझ्याकडेही नाही."

"कुठे गेला?"

"मी तुमचं साधन नवीनच घेतलं होतं, तो ड्रायव्हर त्याच्याच जागेत ठेवला होता. म्हटलं, काय काय मिळतं ते आधी विचारून बघावं. म्हणून टाइप केलं, बेडू."

शिवलीलाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

कन्नड येणाऱ्याला सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. बेडा म्हणजे नको. बेडू म्हणजे माग, विनंती कर. एका स्वराचा फरक. देवापुढे हात जोडून जे करतात ते बेडू. मंजुनाथने त्या साधनापुढे अदबीने हात पसरले होते, आणि साधनाने पहिली तीन अक्षरं बघून त्याचं घर झाडून काढलं होतं.

"मग काय आलं पडद्यावर?" तिने विचारलं.

"सगळं काढलं, असं आलं. खाली धन्यवाद पण लिहून आलं, अक्का."

तो धन्यवाद तिनेच हौसेने घातला होता. तिने डोळे मिटून घेतले. मंजुनाथ घाईघाईने म्हणत होता, चूक माझी आहे, मी माहिती नीट वाचली नाही, मालकही तेच म्हणतात. पुसलेली फाइल परत मिळवायचे सगळे उपाय करून झाले, काही हाती लागलं नाही. तुमच्याकडे कुठे असेल का, एवढंच विचारायला फोन केला.

"माझ्याकडे फाइल नाही," ती म्हणाली. "पण चूक तुझी नाही. कन्नड येत नसतं तर तू हे टाइपच केलं नसतंस. कन्नड मला येतं. मला सुचायला हवं होतं."

फोन ठेवल्यावर शिवबाईने विचारलं, "काय झालं?"

"आई, एका माणसाने बेडू म्हटलं आणि माझ्या मशीनने बेडा ऐकलं."

शिवबाईला व्हर्जन कळत नाही, ड्रायव्हर कळत नाही, पण मागायला आलेल्याचंच काढून घेतलं हे तिला लगेच कळलं. "त्येला भरून दे," एवढंच म्हणाली आणि शेंगांची टरफलं गोळा करायला लागली.

शिवलीला वर गेली. सर्वांत आधी तिने ते साधन बदललं, म्हणजे दुसऱ्या कोणावर ही पाळी येऊ नये. आता काढून टाकायचं असेल तर पूर्ण शब्द बरोबर लिहावा लागतो, आणि तरीही ते एकदा विचारून घेतं. बेडू लिहिलं तर काय काय मिळू शकतं त्याची नावं दिसतात. मग तिने त्या सार्वजनिक जागेवर एक निवेदन लिहिलं. ते तिने मला वाचायला दिलं, इंग्रजी तपासायला. त्यात लपवाछपवी नव्हती. माझ्या साधनातल्या माझ्या चुकीमुळे एका माणसाची एकमेव प्रत नष्ट झाली, असं पहिल्याच वाक्यात होतं. बेकु, बेडा, बेडू यांचा अर्थ दिला होता. रक्तपेढीचं सांगितलं होतं. आणि विनंती होती की जुन्या मशीनवर, जुन्या डिस्कवर, कोणाकडे या नावाची या क्रमांकाची फाइल असेल तर बघा.

मी म्हटलं, "पहिलं वाक्य जरा मऊ करता येईल."

"मऊ केलं तर लोक वरवर शोधतील, काकू."

मी एका स्वल्पविरामाखेरीज काही बदललं नाही.

नंतर जे झालं ते मी शेजारी बसून पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं. ज्यांचा तिच्याशी नात्यागोत्याचा संबंध नाही अशी माणसं माळ्यावर चढली. एकाने लिहिलं, वडिलांच्या गॅरेजमधला कॉम्प्युटर सुरू केला, त्यात नाही. एकीने लिहिलं, माझ्या जुन्या ऑफिसात विचारते. कोणी डिस्क दुरुस्त करून बघत होता. कोणी नुसतंच लिहिलं, माझ्याकडे नाही, पण मी बघितलं. ही शेवटची ओळ पुन्हा पुन्हा येत होती, वेगवेगळ्या नावांनी. शिवबाई खालून हाक मारायची, "गावलं का?" आणि शिवलीला वरून सांगायची, "शोधतायत." कोण शोधतंय हे शिवबाईने विचारलं नाही. निंगप्पा रविवारी आले तेव्हा तिने त्यांना सांगितलं, "जगातली मानसं आपल्या पोरीचं हरवलेलं हुडकाय लागल्यात." त्यांनी पिशवीतली वांगी बाहेर काढता काढता हात थांबवला आणि वर जिन्याकडे बघितलं.

मग एक फाइल आली. नाव तेच, क्रमांक तोच. मंजुनाथने ती चालवून बघितली, चालली. त्याचे मालक सोमशेखर स्वतः फोनवर आले.

"मॅडम, मिळाली. उपकार झाले. आम्ही तपासण्या सुरू करतो."

"थांबा, साहेब. ठसा जुळत नाही."

हे ठशाचं मला तिनेच समजावलं होतं. प्रत्येक फाइलमधून गणिताने एक लांबलचक ओळ काढता येते, आकड्यांची आणि ए ते एफ या अक्षरांची. फाइलमध्ये कुठे एक टिंब जरी बदललं तरी ती ओळ पार बदलून जाते. बेकुने आजवर हाताळलेल्या प्रत्येक ड्रायव्हरचे ठसे शिवलीलाने साधनात जपून ठेवले होते, आणि या जुन्याचाही होता. आलेल्या फाइलचा ठसा त्याच्याशी जुळत नव्हता. कोणीतरी कधीतरी तिच्यात काहीतरी फिरवलं होतं. भल्यासाठी की बुऱ्यासाठी, सांगता येत नव्हतं.

सोमशेखर चिडले. "चालतेय ना? मग ठसा घेऊन काय लग्न जमवायचंय का आम्हाला?"

शिवलीला नेहमीप्रमाणे त्यांचं पूर्ण होईपर्यंत थांबली. "रक्त चढवताना गट जुळवून बघता ना, साहेब? लाल आहे, वाहतंय, एवढ्यावर चढवत नाही."

"आणि दुसरी मिळालीच नाही तर?"

"तर मी आणखी शोधेन."

"नर्स बाईंना काय सांगू? त्यांचे पाय सुजलेत बसून बसून."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत होती, जणू बघून बघून त्या एकसारख्या होणार होत्या. मला तिची भीती दिसत होती. नकार देणं सोपं नव्हतं, कारण ती ज्याला नको म्हणत होती ते तिच्याच हातून गेलेल्या वस्तूचं भरून देणं होतं. मंजुनाथने तिला वेगळा निरोप पाठवला होता: अक्का, मालक म्हणतात अजून उशीर झाला तर हे काम दुसऱ्याला देतील आणि मलाही जायला सांगतील. पण तुम्ही म्हणाल तसं. तो निरोप तिने मला दाखवला आणि फोन पालथा ठेवला. तिने मत बदललं नाही.

पुढची बातमी फार उत्तरेकडच्या एका देशातून आली. तिथली एक बाई पूर्वी शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. शाळेच्या दाराशी मुलांना सूचना दाखवणारा एक पडदा होता, त्यात हाच ब्राउझर असायचा, असं तिला आठवलं. पडदा केव्हाच काढला होता. सुट्टी होती, शाळा बंद होती. ती बसने तिथे गेली, राखणदाराला गाठलं, कोठी उघडायला लावली आणि धूळ खात पडलेला कॉम्प्युटर घरी आणला. फाइल पाठवताना तिने लिहिलं होतं, "बेकु हा शब्द मी रोज टाइप करते. एखाद्या गावाचं नाव असेल असं समजत होते. त्याचा अर्थ हवं असा आहे हे तुमच्या निवेदनामुळे कळलं. ही घ्या."

शिवलीलाने ठसा काढला. मी खुर्चीच्या मागे उभी होते. ओळीखाली ओळ आली आणि दोन्हींत काहीही फरक नव्हता. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. एक फाइल पृथ्वीच्या त्या टोकाला एका कोठीत वर्षानुवर्षं पडून होती आणि तिच्यातलं एक टिंबही हललं नव्हतं. मी शिवलीलाच्या डोक्यावर हात ठेवला.

पण तिला अजून खात्री हवी होती. रक्तपेढीच्या यंत्रांच्या खोलीत इंटरनेट नाही, मोबाइलही नेऊ देत नाहीत. भिंतीवर एक जुना फोन आहे तेवढाच. मंजुनाथ पेन ड्राइव्हवर फाइल घेऊन गेला होता. वाटेत काही बिघडलं नाही ना, हे बघायला त्याने तिथल्या मशीनवर पुन्हा ठसा काढून आम्हाला वाचून दाखवायचं ठरलं. शिवलीलाने फोनचा आवाज मोठा केला आणि मला कागद-पेन्सिल दिली.

"काकू, तुम्ही लिहा. मी बघत बसले तर मला हवं तेच ऐकू येईल."

अडचण अशी की त्या जुन्या फोनवर बी, सी, डी, ई सगळी अक्षरं सारखीच ऐकू येत होती.

"बी की डी रे?" मी विचारलं.

"बी, आजी. बसवण्णाचा बी."

"बरं. पुढे?"

"सात. चनबसप्पाचा सी. शून्य. ईरव्वाचा ई."

"ईरव्वा. हं."

"फकीरप्पाचा एफ. परत फकीरप्पा. धारवाडचा डी."

"धारवाडला कोण आलं मधेच?" शिवलीला म्हणाली. "माणसं चालली होती."

"डीवरनं माणूस आठवेना, अक्का. दानम्मा घ्या."

असं चाललं होतं. शिवबाई पोळपाट घेऊन दारात येऊन उभी राहिली. थोडं ऐकलं आणि विचारलं, "एवढी मानसं जेवाय हायत व्हय? आदी सांगायचं की."

पलीकडून मंजुनाथ हसला. हसण्यात त्याची जागा चुकली आणि आम्हाला अर्ध्यातून परत सुरू करावं लागलं. या खेपेला कोणी हसलं नाही. ओळ संपली. शिवलीलाने माझा कागद घेतला आणि पडद्याजवळ धरून प्रत्येक अक्षरावर बोट ठेवत गेली. शेवटच्या फकीरप्पापर्यंत.

"तोच आहे," ती म्हणाली. "चालव."

त्या खोलीत फ्रीजला न लावलेला तसाच एक सुटा पडदा होता, त्यावर तपासण्या लागल्या. मंजुनाथ एकेक सांगत होता. हिरवी. हिरवी. मध्ये एक बराच वेळ अडकली आणि शिवलीला उठून उभी राहिली. मग हिरवी. सगळ्या झाल्या तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता. त्याने दुरुस्ती खऱ्या फ्रीजच्या पडद्यावर चढवली. आता घंटा वाजते का ते बघायचं होतं. सेन्सर बाहेर काढून त्याने तळहातात धरला. आम्हाला नर्स बाईंचा आवाज येत होता. त्या आकडा वाचत होत्या, चढत जाणारा.

आणि घंटा वाजली. भिंतीवरच्या त्या जुन्या फोनमधून आमच्या भवानी पेठेच्या खोलीत, कर्कश, सलग. शिवबाईने दचकून पोळपाट छातीशी धरला. मंजुनाथने ती वाजू दिली. सेन्सर परत आत ठेवला, थांबली. पुन्हा काढला, पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा वाजायला लागली तेव्हा पलीकडे नर्स बाई म्हणाल्या, "साकु, साकु." म्हणजे पुरे.

मग घंटेपलीकडे आणखी एक आवाज आला, फरशीवर लोखंडी खुर्ची ओढल्याचा.

"काय रे तो?" शिवलीलाने विचारलं.

"सिस्टर खुर्ची बाहेर नेतायत, अक्का," मंजुनाथ म्हणाला. "वॉर्डात खुर्च्या कमी आहेत म्हणतात."